मुलाम्याची चांदी: जुनी विलायती भांडी घरात वापरणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीला आमच्याकडे फराळाला आलेला माणूस आधी चकलीकडे बघतो आणि मग चकली ज्यात ठेवली आहे त्या डब्याकडे. मिटलेल्या शिंपल्यासारखा उभा डबा आहे. वरची कडी सोडली की तो दोन्ही बाजूंना उघडतो. विलायतेत तो बिस्किटांसाठी घडवला. आमच्याकडे त्याच्या एका पाखात चकली असते, दुसऱ्यात शंकरपाळी. पहिला प्रश्न ठरलेला असतो आणि त्यामागून येणारेही आता पाठ झाले आहेत. गेल्या वीसेक वर्षांत नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि बाजारात ओळख झालेल्या हौशी लोकांनी जे विचारले, त्याची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. मी सराफ नाही, व्यापारीही नाही. ही भांडी रोज हाताळणाऱ्या बाईची उत्तरे आहेत, एवढे लक्षात ठेवून वाचावे.

खरी चांदी का हो?

वरून खरी, आतून नाही. आत तांबे किंवा तांब्याचा एखादा मिश्रधातू असतो आणि त्यावर चांदीचा मुलामा. गंमत अशी की विजेच्या साहाय्याने चढवलेला मुलामा जवळजवळ शुद्ध चांदीचा असतो. 'स्टर्लिंग' म्हणून मिरवणाऱ्या अस्सल विलायती चांदीत १००० भागांत ९२५ भागच चांदी असते, उरलेले बहुतेक तांबे. म्हणजे आमच्या डब्याची कातडी स्टर्लिंगपेक्षा शुद्ध. फक्त ती कातडीच आहे. शुद्ध म्हणून मऊ, आणि मऊ म्हणून लवकर झिजणारी. घासण्या-पुसण्याचे पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

तळाशी रोमन अक्षरांत ई.पी.एन.एस. असे ठोकले आहे. ते मालकाचे नाव का?

नाही, ते धातूचे नाव आहे: 'इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर'. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांचा पांढुरका मिश्रधातू. नावात 'सिल्व्हर' असले तरी त्यात चांदीचा कणही नसतो. यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात आणि इथे आपल्याकडे गोंधळ सुरू होतो. आमच्या आजीच्या तोंडी 'जर्मलचं पातेलं' म्हणजे ॲल्युमिनियमचे पातेले. आता लग्नसराईच्या दुकानांत 'जर्मन सिल्व्हर' म्हणून जे पूजेचे ताट मिळते, ते तर आणखी तिसरेच काही असू शकते. जुन्या विलायती भांड्याच्या बाबतीत मात्र अर्थ पक्का आहे.

शेवटी 'एन.एस.'ऐवजी 'बी.एम.' असेल तर आतला धातू ब्रिटानिया मेटल. ते मुख्यतः कथील, थोडे अँटिमनी आणि तांबे घालून केलेले. ओळखायची सोपी रीत म्हणजे भांड्याला टिचकी मारायची. निकेल सिल्व्हर टणकन वाजते, ब्रिटानिया 'ठप्प' म्हणून गप्प बसते. ब्रिटानियाच्या किटलीला पोचे लवकर पडतात आणि ते काढणे कठीण असते, म्हणून मी ती शक्यतो घेत नाही. 'ए १' दिसले तर तो कारखानदाराने स्वतःच्या मुलाम्याला दिलेला दर्जा. त्यामागे सरकारी तपासणी वगैरे काही नव्हती.

आणि 'शेफील्ड प्लेट' म्हणजे काय? दुकानदार प्रत्येक भांड्याला शेफील्ड म्हणतो.

म्हणू द्या. खरी जुनी शेफील्ड प्लेट क्वचित हाती लागते.

१७४३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या थॉमस बोलसोव्हर नावाच्या सुऱ्या करणाऱ्या कारागिराच्या लक्षात आले, की तांब्यावर चांदी ठेवून तापवली तर दोन्ही एकजीव होतात आणि मग लाटताना पत्र्यासारखे एकत्र पसरतात. त्याने त्यातून बटणे केली. पुढे इतरांनी याच पत्र्याची किटल्या, तबके, सामोशांसारखी कड दुमडलेली ताटे केली. पत्रा कापला की कडेला तांबे दिसणार, म्हणून कारागीर कड आत वळवत किंवा तिच्यावर चांदीची बारीक पट्टी बसवत. खऱ्या शेफील्डची ओळख त्या कडेवर नख फिरवून पटते. नक्षी कोरायची तर चांदी खरवडून खालचे तांबे उघडे पडणार. त्यासाठी जिथे घराण्याचे चिन्ह कोरायचे तिथे जाड चांदीचा तुकडा बसवत. त्यावर तोंडाची वाफ सोडली की त्या तुकड्याची बाह्यरेषा क्षणभर दिसते. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मला जो आनंद झाला होता, तो घरात कोणालाच समजला नाही.

१८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंनी विजेने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले. पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणातून चांदी छान बसते, हे शोधले होते जॉन राइट नावाच्या त्याच गावातल्या एका शल्यचिकित्सकाने. एल्किंग्टननी ती युक्ती त्याच्याकडून घेतली. १८४२ मध्ये पॅरिसच्या क्रिस्तोफ्ल कंपनीने फ्रान्सपुरते हक्क मिळवले. आता भांडे आधी पूर्ण घडवायचे, कोरायचे, जोडायचे आणि मग सबंध बुडवून काढायचे, असे झाले. पत्रा चिकटवणाऱ्यांचा धंदा पंधरा-वीस वर्षांत बसला. विम्बल्डनच्या महिला एकेरीत विजेतीला मिळणारे ताट १८६४ मध्ये याच एल्किंग्टनकडे घडले (ते मात्र स्टर्लिंगचे आहे), आणि टायटॅनिकच्या पहिल्या वर्गाच्या टेबलांवरची मुलाम्याची भांडीही त्यांचीच होती.

तेव्हा मुंबईत 'शेफील्ड' म्हणून जे हातात येते, ते शंभरातले नव्याण्णव वेळा शेफील्ड शहरात विजेने मुलामा चढवलेले भांडे असते. त्यात वाईट काही नाही. फक्त किंमत त्या नावाची देऊ नका.

तळावरच्या खुणांवरून वय कसे काढायचे?

आधी एक नकारात्मक खूण. चालणारा सिंह दिसला आणि तो खरा असला, तर भांडे मुलाम्याचे नाही, अस्सल स्टर्लिंग आहे. त्यासोबत नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची, मुकुट असेल तर शेफील्डची (१९७५ पासून तिथे मुकुटाऐवजी गुलाब आला), बिबट्याचे तोंड असेल तर लंडनची. मुलाम्याचे कारखानदार हुशार होते. ते चार छोट्या चौकटींत आपली अक्षरे अशी बसवत, की लांबून हॉलमार्कच वाटावा. चौकटी चार दिसल्या म्हणून हुरळून जाऊ नका, भिंग काढा आणि अक्षरे वाचा.

मग बाकीचे. हिऱ्याच्या आकाराची, कोपऱ्यांत अक्षरे-आकडे असलेली खूण असेल तर त्या नमुन्याची नोंदणी १८४२ ते १८८३ या काळातली. १८८४ पासून त्याऐवजी 'आर डी' (म्हणजे 'रजिस्टर्ड') आणि सरळ क्रमांक आले. १९०० साल उजाडेपर्यंत ते साडेतीन लाखांच्या आसपास पोचले होते. हा आकडा नमुन्याच्या नोंदणीचा असतो, भांड्याच्या जन्माचा नव्हे. खपणारा नमुना तीस वर्षेही निघत राहतो. नुसते 'इंग्लंड' लिहिले असेल तर बहुधा १८९१ नंतरचे, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. 'मेड इन इंग्लंड' असेल तर विसाव्या शतकातले समजा.

सुऱ्यांसाठी वेगळी आणि माझी आवडती खूण आहे. पात्यावर 'स्टेनलेस' असा शब्द असेल तर सुरी १९१३ च्या आधीची असूच शकत नाही. हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्येच त्या वर्षी न गंजणारे पोलाद तयार केले. त्याआधीची पाती साध्या पोलादाची. ती आपल्या पावसाळ्यात एका रात्रीत लाल होतात.

कारखान्यांची नावे हळूहळू ओळखीची होतात. लहरणाऱ्या छोट्या निशाणात 'डब्ल्यू अँड एच' म्हणजे वॉकर अँड हॉल. जेम्स डिक्सन अँड सन्सची खूण कर्णा आहे. मॅपिन अँड वेब तर नाव पूर्णच लिहितात. आमच्या एका काकांनी वॉकर अँड हॉलच्या तबकावरची अक्षरे बघून 'डब्ल्यू.एच. नावाचा कोणी साहेब' मनाशी उभा केला होता. मी दुरुस्त केले तेव्हा त्यांना जरा वाईटच वाटले.

घ्यायची कुठे?

मुंबईत भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार, त्यातली मटन स्ट्रीट. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. तिथे दहा वेळा रिकाम्या हाताने परतण्याची तयारी हवी. मुंबईत हा माल मुख्यतः जुन्या पारशी आणि अँग्लो-इंडियन घरांतून, क्लबांतून, बंद पडलेल्या हॉटेलांतून आणि रेल्वेच्या जुन्या उपाहारगृहांतून फिरत येतो. जी.आय.पी. किंवा बी.बी. अँड सी.आय. या इंग्रजी अमदानीतल्या रेल्वे कंपन्यांची अक्षरे ठोकलेला चमचा मिळाला तर सोडू नका. हॉटेल-रेल्वेचा माल दिसायला साधा आणि वजनाला जड असतो, मुलामाही जाड असतो, कारण तो दिवसातून तीनदा धुतला जाणार हे घडवणाऱ्याला माहीत होते. घरगुती वापराला त्याहून चांगले काही नाही. नक्षीदार द्राक्षांचे घोस घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात कळते, की त्या प्रत्येक द्राक्षामागे धूळ बसते.

लंडनला कोणी जाणार असेल तर चान्सरी लेनच्या तळघरातले सिल्व्हर व्हॉल्ट्स (चांदीची दुकाने) डोळ्यांना शिकवण्यासाठी बघून यावेत. खरेदीला पोर्टोबेलो रोडचा शनिवार.

हातात घेतल्यावर काय तपासू?

बिजागरी, चोच, मुठीचा सांधा. झाकण सरळ बसते का. किटलीत पाणी ओतून बघायला दुकानदार नाही म्हणाला, तर किटली परत ठेवा. आतले बारीक भोक नुसते बघून कळत नाही, म्हणून किटलीत मोबाइलचा दिवा सोडून बाहेरून बघा. झाकणासहित येणाऱ्या चौकोनी ताटांत झाकणाच्या आणि बुडाच्या कडेला बारीक आकडा किंवा ठिपके ठोकलेले असतात. ते जुळले पाहिजेत. न जुळणारी जोडी म्हणजे दोन मोडक्या संसारांतून जमवलेली. ती स्वस्तात मिळाली तर मी घेते, पण माहीत असून.

लोहचुंबकाचा उपयोग फारसा नाही. चांदी, तांबे, निकेल सिल्व्हर यांपैकी कशालाच ते चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे, एवढेच कळेल. आम्लाचा थेंब टाकून बघायचे काम सराफाचे, घरी नको.

किती पैसे द्यावेत?

वजनावर एक रुपयाही नाही. मुलाम्याच्या भांड्याला मोडीत चांदीचा भाव मिळत नाही, आणि जो विक्रेता तराजू काढतो त्याच्याकडून मी उठते. किंमत नमुन्याची, घडणीची, अवस्थेची. विकून नफा होईल या हिशेबाने घेणार असाल तर घेऊ नका. जगभर टेबल मांडून जेवणे कमी झाले आहे आणि या मालाला उतारच आहे. जेवायला काढणार असाल तर मात्र आत्ता काळ चांगला आहे.

मुलामा उडून खालचे तांबे दिसते आहे. पुन्हा चढवावा का?

भांडे कोणते त्यावर आहे. जुनी शेफील्ड असेल तर अजिबात नाही. तिथे चांदीतून डोकावणारा तांबूस रंगच लोकांना आवडतो, आणि विजेचा मुलामा चढवला की तिचे शेफील्डपण संपते. ई.पी.एन.एस. असेल आणि रोज वापरायचे असेल तर खुशाल करा. शहरांत हे काम करणारे प्लेटिंगवाले असतात. बरेचदा त्यांची मजुरी भांड्याच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून मनापासून आवडलेल्या एखाद्या वस्तूसाठीच. आधी पोचे काढून घ्या, सांधे डाग लावून (म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून) घ्या, मगच मुलामा. क्रम चुकला तर पैसे दोनदा.

'घरच्या घरी प्लेटिंग' करायच्या नादाला लागू नका. त्या द्रावणात सायनाइड असते.

आणि कृपा करून कल्हईवाल्याकडे देऊ नका. नात्यातल्या एका मावशींनी दिली होती ब्रिटानियाची साखरदाणी. कथील वितळते २३२ अंशांना, ब्रिटानियात बहुतांश कथीलच. भट्टीवर धरल्याबरोबर साखरदाणीचा पाय मोकळा होऊन निखाऱ्यात पडला. कल्हईवाला बिचारा मावशींपेक्षा जास्त घाबरला.

यातून खाणे सुरक्षित आहे का?

मुलामा धड असेल तर आहे. आतून तांबे उघडे पडले असेल तर आंबट पदार्थ नको. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते हे आपल्या आज्यांना पाठ होते. विलायतेतही तेच शहाणपण होते. शेफील्डच्या पत्र्याला सुरुवातीला एकाच बाजूने चांदी असे, तेव्हा आतून कथील लावत. आपलीच कल्हई. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी झिजलेले ई.पी.एन.एस. चमचे तोंडात घालू नयेत.

आणि ही वाढायची भांडी आहेत, शिजवायची किंवा साठवायची नाहीत. पदार्थ टेबलावर येताना त्यात घालायचा, पंगत उठली की काढायचा.

आपल्या जेवणाला ही भांडी जमतात का? आपल्याकडे काही भाजलेले मटण आणि सॉस नसतो.

जमतात, आणि मला वाटते त्यांना आपल्याकडे जास्त काम मिळते.

झाकणाचे चौकोनी ताट घ्या. त्याच्या झाकणाची मूठ फिरवून निघते आणि झाकण उलटे ठेवले की दुसरे ताट तयार होते. बुडात बटाट्याची भाजी, झाकणात पुऱ्या. सॉसची होडी तुपासाठीच जन्मली असावी. पुरणपोळीच्या दिवशी तिची चोच बरोबर पोळीच्या मधोमध धार सोडते. तूप आंबट नाही, खारट नाही, चांदीला काहीही करत नाही. टोस्टच्या जाळीत भाजलेले पापड उभे राहतात आणि एकमेकांना लागून मऊ पडत नाहीत. हा शोध माझ्या धाकट्या जावेचा. मफिनच्या गोल डब्यात खालच्या खणात गरम पाणी घालायची सोय असते. त्यात गुळपोळ्या ठेवून बघितल्या, ओल्या झाल्या. उकडीचे मोदक ठेवले, शेवटच्या पंगतीपर्यंत गरम राहिले. फळांसाठी असलेल्या, वर कडी असलेल्या टोपलीत विड्याचे साहित्य मांडते. मासे खायची सुरी-काट्याची जोडी पापलेटला वापरा. त्या जोडीला चांदी दिलीच यासाठी, की जुन्या पोलादाच्या पात्याला लिंबू लागले की माशाला लोखंडी चव येई.

न जमणारे पदार्थ: लोणचे, कोकम, चिंचेची आमटी, पंचामृत, टोमॅटोचे सार, लिंबू पिळलेली कोशिंबीर. श्रीखंडही आंबटच, पण श्रीखंडाशिवाय पाडवा कसा होणार? काचेचा वाडगा आत बसवायचा. विलायतेतही हेच करत. मिठाच्या छोट्या भांड्यांत निळ्या काचेची वाटी असते ती शोभेची नाही. ओले मीठ चांदीला खड्डे पाडते, आणि ते खड्डे कशानेही भरून येत नाहीत. निळी काच फुटली असेल तर त्या मापाची साधी काचेची वाटी शोधा, तोवर मीठ स्टीलमध्ये. अंड्याला चांदीचा चमचा लावला की तो काळा पडतो. कांद्यानेही थोडे तेच होते.

किटली गॅसवर ठेवली तर?

नका ठेवू. सांधे डाग लावून जोडलेले असतात. तळ सुटून येईल. चहा दुसरीकडे करा, गाळून किटलीत ओता. आधी किटली गरम पाण्याने विसळून घेतली तर चहा वीस मिनिटे तरी चांगला राहतो. आत चहाचे तपकिरी किटण चढले तर चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी तासभर भरून ठेवा, मग विसळा. कपाटात ठेवताना झाकण उघडे, नाहीतर पुढच्या वेळी पाहुण्यांना कुबट चहा मिळेल.

देवघरात चालतील का?

फुलांची परडी, अक्षता, हळदीकुंकवाचे तबक याला चालतील. अभिषेकाला नाही, कारण दही आणि मध. शिवाय 'चांदीचे आहे' असे देवाला सांगायचे असेल तर ते खोटे ठरेल, हे आमच्या सासूबाईंचे मत. मी त्यात पडत नाही.

इतकी काळी का पडतात? आमच्याकडे तर काचेच्या कपाटात आहेत.

हवेतला गंधक. चांदी आणि गंधक एकत्र आले की काळे सल्फाइड तयार होते. दमट हवेत ते आणखी वेगाने. मुंबई-कोकणात, गोव्यात जूनपासून चार महिने हे होणारच. पण बरेचदा शत्रू कपाटातच असतो: भांड्याला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद, झाकण घट्ट राहावे म्हणून लावलेले रबरबँड, तळाशी अंथरलेले लोकरी कापड. रबराची काळी रेघ तर मुलाम्यात रुतून बसते. माझ्या एका तबकावर ती अजून आहे. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलची पुडी. जेवणाच्या टेबलावर रोज येणारी भांडी सगळ्यांत कमी काळी पडतात, कारण रोजच्या धुण्या-पुसण्यात सल्फाइडला जमायला वेळच मिळत नाही.

घासायची कशाने?

'घासणे' हा शब्दच आधी विसरा. वापरून झाल्यावर लगेच कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडके, आणि ताबडतोब कोरडे पुसणे. दहातल्या नऊ वेळा एवढेच लागते. कामवाल्या ताईंना ही भांडी वेगळी ठेवून सांगा. काथ्या आणि तारेच्या घासणीखाली शंभर वर्षांचा मुलामा एका महिन्यात जातो. डिशवॉशर नको.

घरोघरचे चांदी उजळायचे उपाय, म्हणजे रांगोळी, दंतमंजन, टूथपेस्ट, राख, चिंच, लिंबू-मीठ, हे भरीव चांदीला कसेबसे सहन होतात. मुलाम्याला नाही. रांगोळी म्हणजे दगडाची पूडच. तांब्या-पितळेची पावडरही तांब्या-पितळेलाच.

काळे पडलेच तर चांदीसाठी मिळणारे मऊ पॉलिशचे कापड किंवा मलम. अगदी बारीक, खडे नसलेल्या खडूची पूड पाण्यात कालवून सुती कापडाने लावली तरी चालते. सरळ रेषेत पुसा, गोल नाही. आणि दरवेळी चकचकीत करायचा हट्ट सोडा, कारण प्रत्येक पॉलिशबरोबर थोडी चांदी फडक्यावर येते. कोरलेल्या रेषांमधला काळेपणा तसाच राहू द्या. त्यामुळेच नक्षी वाचता येते.

ॲल्युमिनियम फॉइल, सोडा आणि उकळते पाणी, हा उपाय चालतो ना?

चालतो, म्हणूनच धोक्याचा. ॲल्युमिनियम त्या पाण्यात चांदीकडचा गंधक काढून घेते, काळे सल्फाइड पुन्हा चांदी होते आणि स्वयंपाकघरभर सडक्या अंड्याचा वास सुटतो. घासावे लागत नाही, म्हणून चांदीही फारशी झिजत नाही. साध्या चमच्यांना ठीक. पण ते द्रावण रेषांतला आणि नक्षीच्या खोलगट भागांतला जाणूनबुजून ठेवलेला काळेपणाही काढते. मी उत्साहाच्या भरात एक द्राक्षे-पाने कोरलेला फळांचा वाडगा त्यात बुडवला होता. बाहेर आला तो चुना फासल्यासारखा, सपाट. कुठले द्राक्ष, कुठले पान कळेना. सात-आठ वर्षांनी आता कुठे नक्षी पुन्हा दिसू लागली आहे.

पोकळ मुठीच्या सुऱ्या आणि जड बुडाचे मेणबत्तीचे स्टँड तर कधीही गरम पाण्यात बुडवू नयेत. त्यांच्या आत डांबर, राळ किंवा प्लास्टर भरलेले असते. गरम झाले की ते फुगते, पाझरते आणि मूठ सैल होते.

किटलीच्या मुठीला पांढऱ्या चकत्या आहेत. हस्तिदंत असेल का?

असू शकते. उष्णता मुठीपर्यंत पोचू नये म्हणून जुन्या किटल्यांत मुठीच्या दोन्ही टोकांना हस्तिदंताच्या चकत्या घालत. साध्या किटल्यांना लाकडी मूठ असते, कधी एबनी या काळ्या लाकडाची. भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, तेव्हा अशी किटली विकत घेऊ नका, विकूही नका. लाकडी मुठीला भेगा पडू नयेत म्हणून महिन्यातून एकदा थोडे जवसाचे तेल बोटाने लावावे.

मुलगी अमेरिकेत आहे. आजोबांचा टी-सेट तिला पाठवू का?

आधी वय बघा. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावशेषात मोडते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ती विलायतेत घडली असली तरी. वस्तू शंभरीच्या आतली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा, म्हणजे विमानतळावर वाद होत नाही. हे शंभर वर्षांचे गणित दरवर्षी पुढे सरकते. १९३० सालचा सेट आज जाऊ शकतो, थोड्या वर्षांनी नाही.

उलट दिशेने, म्हणजे मुलीने तिकडच्या जुन्या बाजारात घेऊन इकडे आणायचे असेल, तर सीमाशुल्काचे नियम त्या वेळी बघून घ्या. पावती जपून ठेवा.

तबकावर दुसऱ्याच कोणाची तरी आद्याक्षरे कोरली आहेत. पुसून घेऊ का?

नको. पुसायची म्हणजे त्या जागची चांदी तासायची. खाली पातळ खड्डा आणि बहुधा तांबे उरते. व्यापारी मंडळी हे करतात, कारण नाव असलेले तबक गिऱ्हाइकाला परके वाटते. उजेडात तिरपे धरले तर तासलेला भाग खोलगट दिसतो. असे तबक घेऊ नका.

माझ्याकडच्या सगळ्यांत मोठ्या तबकावर कोणा स्टेशनमास्तरला त्याच्या सहकाऱ्यांनी निवृत्तीच्या दिवशी दिलेला निरोप कोरला आहे, तारखेसकट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच तबकात तिळगूळ आणि वाण असते. बायका आधी तिळगूळ उचलतात, मग खालची ओळ दिसली की मान वाकडी करून ती वाचतात. कुंकू त्या अक्षरांत जाऊन बसते. ते नखाने किंवा सुईने काढू नये. लहान मुलांचा मऊ टूथब्रश, कोमट पाणी, आणि अक्षरांच्या दिशेने हलक्या हाताने.